पानिपतचा उपास

चौदा जानेवारीला रिसबुडांच्या घरात गॅस पेटत नाही. सगळा महाराष्ट्र त्या दिवशी गुळपोळीवर तुपाची धार धरून बसलेला असतो आणि गाझियाबादच्या वैशालीतले रिसबूड पाण्याच्या घोटावर बसलेले असतात, सूर्य मावळेपर्यंत. हे दिनकररावांनी, म्हणजे दीनानाथच्या वडिलांनी घालून दिलेलं. सरकारी नोकरीसाठी ते दिल्लीत आले, पहिल्याच हिवाळ्यात पानिपत बघून आले आणि जाहीर करून मोकळे झाले, की आपले त्र्यंबकपंत तिथे उपाशीपोटी लढले, तेव्हा त्या दिवशी सगळ्यांनी पानिपतला जायचं आणि या घरात कोणी जेवायचं नाही. त्र्यंबकपंत मराठ्यांच्या फौजेत कोठीवर होते, म्हणजे धान्याच्या पोत्यांपाशी. आणि ज्या अर्थी त्यांचा वंश आज गाझियाबादेत तीन खोल्या अडवून बसला आहे, त्या अर्थी ते धडधाकट परतलेही होते. पण या दोन गोष्टी काढल्या की दिनकरराव दोन दिवस बोलत नसत, म्हणून कोणी काढत नसे. पुढे दिनकरराव, घरातल्यांचे नाना, गेले आणि उपास राहिला.

यंदा मात्र घरापुढे पेच होता, आणि पेचाचं नाव होतं देविका.

देविका तेहतीस वर्षांची, शाळेत भूगोल शिकवणारी, दीनानाथ आणि प्रभाची धाकटी. ऑगस्टात ती वर्गात नकाशासमोर कोसळली आणि सहा आठवडे हॉस्पिटलात राहिली. डॉक्टरांनी आईवडिलांना समोर बसवून सांगितलं, की तुमची मुलगी मुळातच बारीक अंगाची वगैरे काही नाही, ती कित्येक वर्षं स्वतःला उपाशी ठेवते आहे आणि या आजारात माणसं जातात. प्रभाला ते पटायला एक दिवस लागला, दीनानाथना पंधरा. तेव्हापासून फ्रिजवर दोन कागद चिकटलेले होते. पहिल्यावर आहारतज्ज्ञ कौशल्या मॅडमनी दिवसातल्या सहा खाण्यांच्या वेळा लिहून दिल्या होत्या. खाली दोन अटी: भूक लागलेली नसली तरी एकही वेळ चुकवायची नाही, आणि एकटीनं खायचं नाही, सोबत कोणीतरी खाणारं हवं. दुसरा कागद घरच्यांसाठी होता. देविकाचे गाल, दंड, वजन, कपडे यांवर कोणीही काहीही बोलायचं नाही, चांगलंसुद्धा नाही.

दुसऱ्या कागदानं घरातली निम्मी संभाषणं बंद पडली.

प्रभानं सुरुवातीला मनापासून घोळ घातला होता. वरणात तूप, भाताखाली तूप, पोळीच्या पदरात लोणी, आणि विचारलं तर "छे गं, साधीच आहे." देविकाला पहिल्याच घासाला कळायचं आणि ताट बाजूला सरकायचं. शेवटी कौशल्या मॅडमनी प्रभाला बाहेर बोलावून समजावलं होतं, "आंटी, छुपाके कुछ मत डालिए. घी डालना है तो उसके सामने डालिए, बताके. उसको खाने पे भरोसा आना चाहिए. वजन हफ्ते-हफ्ते थोड़ा-थोड़ा बढ़ेगा, ठूँसने से नहीं." तेव्हापासून प्रभा तुपाचा चमचा वर धरून "घालतेय हं" असं म्हणायची. दर गुरुवारी देविका वजनकाट्यावर पाठमोरी उभी राहायची आणि आकडा फक्त मॅडम बघायच्या. केस गळायचे थांबले. बंद झालेली पाळी परत आली आणि प्रभा न्हाणीघरात जाऊन रडली. गेले तीन महिने एकही खाणं चुकलं नव्हतं.

आणि मध्येच ही चौदा जानेवारी.

आदल्या संध्याकाळी दीनानाथनी बैठक घेतली. ते उपसचिव म्हणून निवृत्त झाले होते आणि घरातला साधा पंखाही मान्यतेशिवाय लावत नसत. "देविकाला," ते म्हणाले, "विशेष बाब म्हणून उपासातून सूट देण्यात येते. तिनं आपल्या वेळेला खावं. आम्ही काही म्हणणार नाही." स्वतःच्या उदारपणानं भारावून त्यांनी चष्मा पुसला. प्रभाच्या डोळ्यांत पाणी आलं. देविकासोबत खाणार कोण, हे विचारायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

*

सकाळी आठला प्रभानं गॅस पेटवला. भिंतीवरच्या फोटोतल्या सासऱ्यांकडे तिनं पाहिलं आणि ज्योत थोडी बारीक केली. शेंगदाणे घातलेले पोहे, केळं, दूध. देविका टेबलाशी बसली. समोरच्या खुर्च्यांवर आईवडील हात बांधून बसले.

"कोणीतरी घ्या ना माझ्याबरोबर," देविका म्हणाली. "एक बिस्किट घेतलंत तरी चालेल."

"आम्ही बसलोय की समोर," दीनानाथ म्हणाले.

"बसलाय. खात नाही आहात."

"तू आमच्याकडे बघूच नकोस. बिल्कुल संकोच करू नकोस. तुला परवानगी आहे."

देविकानं चमचा उचलला. दोघंही तो तोंडापर्यंत जाईस्तोवर नजरेनं पोचवत होती. आईचे ओठ कोरडे पडले होते, बाबा घोटाघोटानं पाणी पीत होते, आणि त्यांच्या समोर आपण एकटीच पोहे चावतोय, दातांचा आवाज होतोय. देविकाला लाज वाटली. आणि लाजेच्या खालून दुसरं काहीतरी वर आलं, जे तिनं तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं. यांनी काय उपास करायचा! मी ठरवलं तर मी यांच्या दुप्पट टिकेन. हा विचार इतका ओळखीचा आणि इतका गोड होता, की ती घाबरली.

"बाकीचं डब्यात भर," ती म्हणाली. "गाडीत खाईन."

प्रभानं अर्धे पोहे डब्यात भरले. हे वाक्य तिनं चौदा वर्षं ऐकलं होतं आणि असे डबे संध्याकाळी तसेच्या तसे परत येतात हेही तिला माहीत होतं. ती नवऱ्याकडे वळली. पण दीनानाथ तोवर आपलं भाषण उघडून बसले होते. यंदा काला अंबला, पानिपतच्या स्मारकापाशी, दिल्लीच्या मराठी मंडळातर्फे त्यांचा सत्कार होता. मंडळाचे सचिव यशोधन खेर यांनी निमंत्रणातच छापलं होतं: "साठाहून अधिक वर्षं अखंड उपोषण करणारे रिसबूड कुटुंब."

"अहो, ती अर्धंच खाऊन उठली."

"खाईल गं. सूट दिलीय ना?" दीनानाथ म्हणाले. "हे ऐक. 'उपाशी पोटांनी, पण ताठ मानेनं.' कसं वाटतं?"

"छान," प्रभा म्हणाली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिनं सर्वांत जास्त वापरला होता.

*

नऊला परीक्षित गाडी घेऊन आला. देविकाचा हा थोरला भाऊ गुडगावच्या एका कंपनीत होता. त्याची बायको गिरिजा यंदाही ऑफिसची सबब सांगून सुटली होती; या घरात लग्न करून आलेल्यांमध्ये एवढी हुशार बाई दुसरी झाली नव्हती. वाटेत त्यानं नोएडाहून अलकनंदा आत्याला घेतलं होतं. दीनानाथची ही धाकटी बहीण पुढच्या सीटवर पर्स आणि लाडवांचा डबा मांडीवर धरून बसली होती.

अलकनंदानं फ्रिजवरचा दुसरा कागद तीनदा वाचला होता आणि आपण तो तंतोतंत पाळतो अशी तिची समजूत होती. म्हणून मागे वळून देविकाला न्याहाळत ती म्हणाली, "देवू, आवाज किती छान भरलाय गं तुझा!"

प्रभानं तिला डोळ्यांनीच खुणावलं.

"आवाजच म्हणतेय मी. आवाजाला बंदी आहे का?"

"नाही, आत्या," देविका म्हणाली आणि स्वेटरच्या बाह्या ओढून बोटांपर्यंत आणल्या.

"हे डिंकाचे लाडू. सगळे तुझ्यासाठी. आज आम्ही काय, नुसता वास घ्यायचा."

परीक्षित गाडी चालवता चालवता च्युइंगम चघळत होता. कारण सकाळी साडेसातला त्यानं घरी दोन आलू पराठे दह्याबरोबर खाल्ले होते आणि कांद्याचा वास लपवायला हवा होता. दरवर्षी तो असंच करायचा आणि दरवर्षी त्याला वाईट वाटायचं. अख्खं घर उपाशी, बहीण तर पाणीसुद्धा पीत नाही, आणि आपण असे. वाईट वाटलं की तो घरी परतल्यावर देविकाची जास्तच तारीफ करायचा.

अकरा वाजता देविकाच्या फोनमध्ये गजर झाला. पोह्यांचा डबा मागे डिकीत गेला होता, तिनं लाडू घेतला. आणि सगळ्या गाडीनं सभ्यपणा दाखवायचा म्हणून माना वळवल्या. दीनानाथ डाव्या खिडकीतून, प्रभा उजव्या खिडकीतून, अलकनंदा समोरून बाहेर बघू लागली. बाहेर धुक्याशिवाय काहीही नव्हतं, तरी तिघंही ते मन लावून बघत होती. परीक्षितनं आरशातून पाहिलं. देविकानं लाडवाचा एक कण तोडला, बोटांत फिरवला आणि लाडू टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये ठेवून दिला.

"देवू, यार, खा ना," तो म्हणाला.

"नंतर."

"नंतर कशाला? टाइम झालाय."

"सगळे उपाशी बसलेत, दादा. घशाखाली उतरत नाही."

"हीच खरी रिसबूड!" अलकनंदाला भरून आलं. "दादा, आठवतंय? एकोणीस वर्षांची होती. पहिल्यांदा निर्जळी केला हिनं. नाना म्हणाले होते, या घरात खरा उपास करते ती एकटी देवू."

"म्हणाले होते," दीनानाथनी मान डोलावली. "सगळ्यांसमोर म्हणाले होते."

"अलकाताई, पुरे," प्रभा म्हणाली.

"मी कुठे वजनाबद्दल बोलले, वहिनी?"

"पुरे म्हटलं ना मी!"

प्रभाचा आवाज चढलेला कोणी ऐकलेला नव्हता, त्यामुळे सगळे पुन्हा धुकं बघू लागले.

देविकाच्या मात्र छातीत ऊब पसरली होती. खरा उपास करते ती एकटी देवू. त्या एका वाक्यावर तिनं पुढे किती सोमवार काढले, किती चतुर्थ्या, किती एकादश्या, आणि मग ज्या दिवसांना नावच नव्हतं असे किती दिवस! घरात सगळे म्हणायचे, किती श्रद्धाळू आहे पोरगी. लग्नाकार्यांत बायका विचारायच्या, काय करतेस गं, आम्हालाही सांग. आत्ता डोक्यात कोणीतरी हळूच म्हणत होतं, आजचा एकच दिवस. सगळेच उपाशी आहेत, त्यात तू खपून जाशील. मॅडमना कळणारसुद्धा नाही. हॉस्पिटलात तिला या आवाजाची ओळख करून दिली होती. तो नेहमी एकच दिवस मागतो आणि एका दिवसावर कधीच थांबत नाही. आज एक वेळ गेली तर उद्या दोन जातील, हे देविकाला स्पष्ट दिसत होतं, आणि तरी लाडू पर्समधून बाहेर येत नव्हता.

*

मुरथलला ढाब्यावर थांबायचं हाही रिसबुडांचा रिवाजच. "पंधरा मिनिटं," दीनानाथनी दरवर्षीप्रमाणे जाहीर केलं. "ज्यांना पाय मोकळे करायचेत त्यांनी करावेत." आणि दरवर्षीप्रमाणे चौघं चार दिशांना गेली. देविका सामान राखत गाडीत बसली. चौदा वर्षं ती अशीच बसत आली होती, काचा वर करून, कारण पराठ्यांचा वास आत येऊ नये.

चार मिनिटं ती बसली. मग तिनं लाडू काढला आणि दार उघडलं. कौशल्या मॅडम म्हणायच्या, एका जागी जमत नसेल तर जागा बदल, जिथे लोक खातायत तिथे जाऊन बस. आत शंभर माणसं खात असतील. त्यांच्यातलं कोणीतरी आपल्या सोबत खातंय असं समजायचं आणि एवढा एक लाडू संपवायचा. ती आत गेली.

पहिल्या खांबाच्या आड अलकनंदा आत्या होती. पदर डोक्यावरून पुढे ओढून ती पनीरच्या पराठ्यावर पांढरं लोणी पसरत होती.

देविका जागीच उभी राहिली. आत्यानं वर पाहिलं. तोंडात घास असल्यामुळे तिला काही बोलता येईना.

"आत्या?"

"बीपीची गोळी," आत्या घास गिळून म्हणाली. "रिकाम्या पोटी चालत नाही. डॉक्टरच ओरडतात."

"दरवर्षी?"

"बीपी दरवर्षी असतंच ना गं!"

पलीकडे भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बाईची शाल देविकाच्या ओळखीची होती. प्रभासमोर चहा होता आणि चहात बुडवलेला ब्रेड पकोडा. तिच्या मागच्याच टेबलावर परीक्षित लस्सीचा मोठा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसला होता. मायलेक पाठीला पाठ लावून बसलेली होती आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

"आई."

प्रभा दचकली, मागे वळली आणि तिला आधी मुलगा दिसला.

"परी? तू?"

"आई? तू?"

"मी चहा फक्त..." प्रभानं पकोड्यावर हात ठेवला.

"बाबा कुठायत?" देविकानं विचारलं.

तेवढ्यात एक पिकल्या मिशांचा वेटर हातावर थाळी पेलत चालला होता, तो आपण होऊन म्हणाला, "अंकलजी को ढूँढ रहे हो? वो चश्मेवाले? पीछे बैठते हैं जी, जनरेटर के पास. हर साल आते हैं, चौदह तारीख को. दो आलू-प्याज, मक्खन एक्स्ट्रा. ये उन्हीं का है."

*

जनरेटरच्या भिंतीआड, मोकळ्या क्रेटवर बसून दीनानाथ रिसबूड वाट बघत होते. त्यांना मधुमेह होता आणि त्यांनी स्वतःशी हे प्रकरण फार पूर्वी निकालात काढलं होतं: प्रकृतीच्या कारणास्तव. पण कारण कितीही रीतसर असलं तरी त्यांना दरवर्षी लाज वाटायची. घरात आपण एकटेच पापी, असं ते समजत. प्रभा उपाशी, पोरं उपाशी, अलका या वयात उपाशी, आणि कुटुंबप्रमुख जनरेटरमागे. म्हणून तर भाषणात ते एवढे तळमळून बोलत. वेटरची चाहूल लागली म्हणून त्यांनी हात पुसले आणि वर पाहिलं. वेटरच्या मागे अख्खं कुटुंब उभं होतं.

"रख दूँ जी?" वेटरनं विचारलं.

दीनानाथनी आधी बायकोकडे पाहिलं. तिच्या ओठाला बेसन लागलेलं होतं. मग मुलाच्या मिशीवरची लस्सी दिसली, बहिणीच्या बोटांवरचं लोणी दिसलं. उपसचिवांना फाइल पूर्ण वाचायला फार वेळ लागला नाही.

"सगळेच?" ते म्हणाले.

"कधीपासून?" देविकानं विचारलं.

"मला शुगर निघाली तेव्हापासून."

"मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून," प्रभा खाली मान घालून म्हणाली. "तेव्हा पोटात परी होता. मग सवय पडली."

"मी नेहमीच," परीक्षित म्हणाला. "सॉरी. मला वाटायचं, मीच एकटा."

"आणि नाना?"

अलकनंदानं पदरानं बोटं पुसली, पुन्हा पुसली. "नाना पानिपत स्टेशनवर पुरी-भाजी खायचे," ती शेवटी म्हणाली. "मला जिलबी द्यायचे आणि म्हणायचे, कोणाला सांगू नकोस. दादा, तू वेटिंग रूममध्ये आईपाशी असायचास."

देविकाला हसू आलं. ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. "म्हणजे नाना खरंच बोलले होते," ती म्हणाली. "एकटी देवू! मला वाटलं कौतुक केलं. मी एकोणीस वर्षांची होते हो! मी तुम्हाला बघून करत होते. म्हटलं, बाबांना जमतं, आईला जमतं, आत्याला जमतं, मला का जमू नये? पोटात कळा यायच्या आणि मी गाडीत बसून तुमची पिशव्या-चपला राखायचे. आणि तुम्ही इथे लोणी एक्स्ट्रा!"

"देवू, तसं नव्हतं गं..."

"हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणी असं उपाशी राहतं का? मी काय सांगितलं, माहितेय, आत्या? अभिमानानं सांगितलं. म्हटलं, आमच्याकडे सगळे राहतात."

अलकनंदानं डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. प्रभानं आणखी एक क्रेट ओढला आणि देविकाला खांद्याला धरून त्यावर बसवलं. पराठ्यांची थाळी दोघींच्या मध्ये ठेवली. "आता खा," ती म्हणाली. "लपूनछपून नाही. आपण सगळे खाऊ. अलकाताई, तुमचा पराठा इकडे आणा. परी, आणखी चार सांग."

"इथे उघड्यावर?" दीनानाथ म्हणाले. "अगं, मंडळाची बस याच रस्त्यानं येते. कोणी बघितलं तर? दोन वाजता सत्कार आहे."

पराठे आले, क्रेट मांडले गेले. आणि बसही आलीच. भगवे झेंडे लावलेली, घोषणा देत येणारी. तिच्यातून सगळ्यांत आधी उतरले ते यशोधन खेर. त्यांनाही घाई होती आणि स्वच्छतागृहाची वाट जनरेटरजवळूनच होती.

"दीनानाथराव!" खेर थबकले. "आज? आणि हे..."

दीनानाथच्या हातात पहिला घास होता. गुडघ्यावर थाळी होती. क्षणभर त्यांनी घासाकडे पाहिलं, मग खेरांकडे. आणि मग रिसबूड घराण्याच्या प्रमुखानं घास थाळीत ठेवला, थाळी उचलली आणि मुलीच्या मांडीवर सरकवली.

"हिचं आहे," ते म्हणाले. "हिची तब्येत... तुम्हाला कल्पना आहेच. विशेष बाब म्हणून आम्ही हिला सूट दिलीय. आम्ही आपले सोबतीला बसलोय, उपाशीच."

"वा! अच्छा, अच्छा," खेर म्हणाले आणि मान तिरकी करून त्यांनी देविकाकडे पाहिलं. आजारी माणसाकडे बघतात तसं.

देविकाच्या मांडीवर आता दोन थाळ्या होत्या. तिनं त्या खाली ठेवल्या आणि हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले. तिचा चेहरा शांत झाला. हा शांतपणा प्रभाला ठाऊक होता. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर तो तिनं पाहिला होता आणि त्याला श्रद्धा म्हटलं होतं. तेव्हा आपण काही बोललो नाही, कारण घरात गोंधळ नको होता. आता बोललो नाही तर ही पोर आपल्या हातची जाईल, हे प्रभाला लख्ख कळलं आणि तिला नवऱ्याचा भयंकर राग आला.

तिनं नवऱ्याची थाळी उचलली.

"खेरसाहेब, हे हिचं नाही. हे यांचं आहे. दोन आलू-प्याज, मक्खन एक्स्ट्रा. वेटरला विचारा हवं तर. आणि हा माझा." प्रभानं पराठ्याचा भला मोठा तुकडा तोडला, लोण्यात बुडवला आणि खेरांच्या डोळ्यांत बघत तोंडात घातला. चावत चावतच ती पुढे म्हणाली, "रिसबुडांकडे आज कोणाचाही उपास नसतो. कधीच नव्हता. हिचा एकटीचा होता, तो आम्ही सोडवलाय. तुम्ही बसताय का? गरम आहेत."

"प्रभा!" दीनानाथ म्हणाले.

"छान आहे पराठा," प्रभा म्हणाली. "तुम्ही गप्प बसा."

परीक्षितनं आपली लस्सी उचलली आणि खेरांना दिसेल अशी एका दमात प्यायली. अलकनंदानं वाऱ्याची दिशा ओळखली. पदर डोक्यावरून काढून ती म्हणाली, "वहिनी, लोणचं द्या इकडे." खेर "चलो, मग तिकडे भेटूच" असं काहीतरी पुटपुटत ज्या कामाला आले होते त्या कामाला गेले. त्यांनी आज काय काय पाहिलं हे काला अंबला पोचेपर्यंत अर्ध्या बसला कळणार होतं.

देविकानं बाह्यांमधून हात बाहेर काढले. समोर आई खात होती, भाऊ खात होता, आत्या बोटं चाटत होती, आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. तिनं घास तोडला. भूक अजिबात नव्हती आणि भीती होती तेवढीच होती. ती खायला लागली. अर्ध्यावर आली तेव्हा पोट गच्च वाटायला लागलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ती थांबली. प्रभाही हातात घास धरून थांबली. मग देविका पुन्हा खायला लागली आणि प्रभाही.

दीनानाथ रिकाम्या हातांनी बसले होते. खिशातून भाषणाचा कागद काढून त्यांनी तो उलगडला, पहिली ओळ वाचली आणि गुडघ्यावर ठेवला. "घोटाळा झाला," ते म्हणाले. "चुकलं माझं, देवू. मघाशी मी थाळी तुझ्याकडे सरकवली, ते फार वाईट झालं." त्यांचा आवाज बदलला होता. "आता तिथे जाऊन त्या फौजेतल्या माणसांबद्दल मी बोलू तरी काय? काय तोंडानं सांगू, की ते उपाशी लढले?"

देविकानं तोंडातला घास पूर्ण चावला, गिळला.

"ते उपास करत नव्हते, बाबा," ती म्हणाली. "त्यांना मिळत नव्हतं. मिळालं असतं तर खाल्लं असतं त्यांनी."